दोन इमारती, एक वही

आपल्याकडील पुष्कळ धंदे घराच्या ओसरीवर जन्मास येतात आणि ओसरी अपुरी पडूं लागली म्हणजे शेजारची जागा शोधतात. पुढच्या इमारतींत दुकान व कचेरी, मागच्या इमारतींत कारखाना व कोठार, अशी विभागणी झाली कीं धंदा वाढला असें सर्वांस वाटतें, आणि तें खरेंही असतें. पण त्याच दिवशीं धंद्याच्या वहीचे नकळत दोन तुकडे होतात, ही गोष्ट बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अमुक मालाचे ४० नग शिल्लक आहेत असें कोठारांतील भाऊ सांगतो. कचेरींतील संगणकावर ५२ दिसतात. मधल्या १२ नगांचा छडा लागतो तेव्हां कोणीही खोटें बोललेलें नव्हतें असें ठरतें. तरी तोंवर एकमेकांविषयींचा भरंवसा थोडा उणावलेला असतो. एकत्र कुटुंबाच्या धंद्यांत भांडवलाच्या खालोखाल मोलाची वस्तु म्हणजे हा भरंवसाच होय. म्हणून दोन इमारतींतील संगणक एका जाळ्यांत कसे जोडावे, हा प्रश्न तारा ओढणाऱ्या कारागिरावर सोंपवून चालत नाहीं. घरच्या कर्त्या मंडळींनीं तो स्वतः समजून घ्यावा, या हेतूनें त्याचें विवेचन या वेळीं करावयाचें योजिलें आहे.

उदाहरणादाखल एखादा छापखाना डोळ्यांपुढें आणूं. रस्त्यालगतच्या इमारतींत पुस्तकविक्री, हिशेब व पानांची जुळणी. अंगणापलीकडील जुन्या वाड्यांत छपाईचीं यंत्रें, बांधणी व कागदाचें कोठार. दोहोंकडे मिळून १४ संगणक, ३ प्रिंटर व ८ कॅमेरे. छापखान्याच्या जागीं मसाल्यांचा, औषधांचा अथवा कापडाचा धंदा कल्पिला तरी पुढील विवेचनांत फारसा फरक पडणार नाहीं.

अशा ठिकाणीं सामान्यतः आरंभ बाजारांत होतो. कोणी राऊटर आणतो, कोणी केबलचें भेंडोळें आणतो, आणि मग आणलेल्या वस्तूंत काम बसविण्याची खटपट सुरू होते. खरा आरंभ कागदावर व्हावयास पाहिजे. प्रत्येक खोलीच्या नांवापुढें तेथें किती माणसें बसतात, कोणतें काम चालतें, कोणतीं यंत्रें आहेत व ५ वर्षांनीं किती असतील, एवढें लिहून काढावें. हा कागद घरांतील एकट्या हुशार मुलानें लिहूं नये. जी सूनबाई जी.एस.टी.चे हिशेब पाहते, जे काका कोठार सांभाळतात आणि जो कामगार यंत्र चालवितो, त्या सर्वांस विचारून तो पुरा करावा. कारण कोणत्या वेळीं काम अडतें हें ज्याचें काम अडतें त्यालाच नीट ठाऊक असतें.

या कागदावरून भाराचा अंदाज येतो. हिशेबाच्या नोंदी अगदीं हलक्या असतात. परंतु सचित्र पुस्तकाची एक फाइल सहज १ गिगाबाइटची होते, म्हणजे ८००० मेगाबिटांची. सेकंदास १०० मेगाबिट वाहून नेणाऱ्या जुन्या स्विचमधून ती पलीकडे जावयास निदान ८० सेकंद लागतात. १००० मेगाबिटांच्या स्विचमधून निदान ८. दिवसांतून ३० वेळां अशी ने-आण होत असेल तर एकीकडे ४० मिनिटें खर्ची पडतात, दुसरीकडे ४. कॅमेऱ्यांचें ओझें निराळ्या प्रकारचें. एका कॅमेऱ्यास सेकंदास ४ मेगाबिट धरले तर आठांस ३२ लागतात, आणि हा ओघ रात्रंदिवस चालूच राहतो. सारांश, आपल्या छापखान्यास १००० मेगाबिटांचें जाळें हवें आणि तेवढें त्यास पुरेल. दुकानदारानें याच्या दसपट वेगाचें महागडें सामान पुढें केलें तर तें नम्रपणें परत करावें. आणखी एक घोटाळा येथेंच मिटविलेला बरा. इंटरनेट पुरविणारी कंपनी जो वेग सांगते तो बाहेरच्या जगाशीं होणाऱ्या व्यवहाराचा असतो. कचेरींतून वाड्यांतील संगणकावर थेट जाणारी फाइल घराबाहेर पडतच नाहीं. तेव्हां कंपनीस अधिक पैसे भरल्यानें ती अधिक लौकर पोहोंचणार नाहीं.

यानंतर हातांत टेप घ्यावी. संगणकाच्या नेहमींच्या केबलमध्यें तांब्याच्या ८ तारा, दोन दोनांस पीळ देऊन, ४ जोड्यांनीं बसविलेल्या असतात. हिची मर्यादा १०० मीटरांची आहे: ९० मीटर भिंतींतून जाणारी पक्की केबल आणि १० मीटर दोन्ही टोकांस लागणारे सुटे तुकडे. आपल्या छापखान्याचें अंगण ६० मीटरांचें असल्यामुळें सारें शंभराच्या आंत बसेल असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु केबल अंगण कापून जात नाहीं. कचेरीच्या माडीवरून खालीं यावयास ८ मीटर, विहिरीला वळसा घालून कुंपणाच्या कडेनें ७५, वाड्यांत शिरून मधल्या खोलींतील पेटीपर्यंत २२ आणि सुटे तुकडे १०, अशी बेरीज ११५ वर जाते. टेप न धरतां घेतलेलें सामान येथें फुकट जातें. आणि गंमत अशी कीं अशी लांबलेली केबल कधीं कधीं चालतेही, पण मधूनमधून अडखळत चालते, आणि दोष कशांत आहे हें शोधण्यांत महिने जातात.

तरी अंतराचा मुद्दा दुय्यमच समजावा. दोन इमारतींमधील वाट ४० मीटरांचीच असती तरी तेथें तांब्याची केबल घालूं नये असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. विजेच्या जोडणीस जमिनीशीं बांधणारें अर्थिंग प्रत्येक इमारतीस बहुधा स्वतंत्र असतें. एरवीं दोन्ही इमारतींखालची जमीन विजेच्या दृष्टीनें जवळजवळ सारखीच असते. परंतु जवळपास वीज कोसळली म्हणजे तिचा लोंढा जमिनींत पसरत असतांना एका इमारतीची जमीन दुसरीच्या मानानें क्षणभर हजारों व्होल्टांनीं वर चढूं शकते, आणि त्या क्षणीं दोहोंस जोडणारी तांब्याची तार असली तर तो लोंढा तिच्यांतून धांवतो. स्विचच्या खाचेमागें लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो १५०० व्होल्टांच्या कसोटीस उतरलेला असतो. बारीकसारीक चढउतारास तो पुरतो, विजेस पुरत नाहीं. वीज आपल्याच छपरावर पडावी लागते असेंही नाहीं. वैशाखांतील वळिवाच्या एखाद्या रात्रीं चार घरें सोडून वीज पडते, आणि सकाळीं दोन्ही इमारतींतील स्विच, कॅमेरे व हिशेबाचा संगणक एकदमच मुके झालेले आढळतात. विजेचा लोंढा अडविणारीं उपकरणें मिळतात, व तीं बसवावींही. पण त्यांची मदार अर्थिंगच्या चांगुलपणावर असते, आणि जुन्या वाड्याचें अर्थिंग कसें आहे हें किती जणांनीं तपासून पाहिलें असेल?

यावर उपाय कांचेचा आहे. कांचेच्या बारीक तंतूंतून प्रकाश वळणें घेत जाऊं शकतो, हें तत्त्व कामीं आणण्यांत एका भारतीयाचा मोठा वांटा आहे. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं लंडन येथें हॉपकिन्स यांच्यासह केलेलें संशोधन १९५४ सालीं प्रसिद्ध झालें. तंतूंच्या जुडग्यांतून चित्र पलीकडे नेतां येतें असें त्यांनीं दाखविलें. लांब पल्ल्यावर प्रकाश मंदावतो तो मुख्यतः कांचेंतील अशुद्धीमुळें, हें चार्ल्स काव यांनीं १९६६ सालीं मांडलें, व त्या कार्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. एके काळीं प्रयोगशाळेंतच दिसणारा हा तंतु आज आपल्या छत्रपती संभाजीनगराजवळच्या कारखान्यांत तयार होतो. कांच विजेची वाहक नाहीं. एका इमारतीवर संकट आलें तरी तें या वाटेनें दुसरीकडे जात नाहीं. हा एकच गुण तिची निवड करण्यास पुरेसा आहे.

फायबरच्या केबल दोन जातींच्या असतात. मल्टि-मोड जातींतील प्रकाशवाही गाभा बहुधा ५० मायक्रॉनांचा, तर सिंगल-मोड जातींतील सुमारें ९ मायक्रॉनांचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पहिली कांहीं शें मीटरांपर्यंत उपयोगी पडते, दुसरी कित्येक किलोमीटरपर्यंत, आणि पुढें वेग वाढवावयाचा झाला तर दुसरीस बदलावें लागत नाहीं. म्हणून नवें काम करणाऱ्यानें सिंगल-मोडच घ्यावी. तिच्या दोन्ही टोकांस, स्विचच्या खाचेंत, एसएफपी नांवाचीं बोटाएवढीं उपकरणें बसतात. तीं दोन्ही एकाच जातीचीं व केबलीच्या जातीशीं जुळणारीं असावीं. जोडणीस २ तंतु पुरतात, तरी केबल ६ तंतूंची घालावी, कारण मुख्य खर्च खणण्याचा व मजुरीचा असतो. उरलेले ४ तंतु पुढल्या पिढीच्या उपयोगी पडतील. टोकें वितळवून सांधण्याचें काम माहितगार कारागिराकडूनच करवावें, आणि प्रत्येक तंतूंत प्रकाशाची घट किती झाली तें मोजून लिहून घ्यावें. तंतूच्या टोकाशीं डोळा नेऊन कोणी पाहूं नये. आंतील लेसरचा प्रकाश दिसत नाहीं, पण तो डोळ्यांस अपाय करूं शकतो. घरांत लहान मुलें असतील तर हें विशेष लक्षांत ठेवावें.

केबल जमिनींतून नेतांना ती पाइपांत घालावी, विजेच्या केबलीपासून निराळ्या पाइपांत, आणि पाइपांत एक मोकळी दोरी कायमची ठेवावी, म्हणजे पुढें दुसरी केबल ओढावयाची झाल्यास अंगण पुनः खणावें लागणार नाहीं. येथें उंदीर व घुशी यांचा विचार करणें भाग पडतें. त्यांच्या दातांपासून बचाव म्हणून पोलादी कवचाची केबल मिळते. पण कवच धातूचें असल्यामुळें जी आपत्ति टाळण्यासाठीं कांच घेतली तीच पुनः दारांत येते. यास्तव शक्य तों धातुरहित केबल घेऊन ती मजबूत पाइपांतून न्यावी व पाइपाचीं तोंडें नीट बुजवावीं. कवचाची केबल घेतलीच तर तें कवच इमारतींत शिरतांनाच तोडून अर्थिंगास जोडून घ्यावें. त्यास स्विचच्या पेटीपर्यंत येऊं देऊं नये.

दोन इमारतींच्या मधून सार्वजनिक रस्ता जात असेल तर गोष्ट निराळी. स्थानिक संस्थेच्या परवानगीवांचून रस्ता खणूं नये, कीं खांबाखांबांवरून चोरून केबल नेऊं नये. तेथें, तसेंच जागा भाड्याची असून मालक खणूं देत नसेल तर, दोन गच्च्यांवर समोरासमोर अँटेना बसवून बिनतारी दुवा साधतां येतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील कमी शक्तीच्या अशा उपकरणांस केंद्र सरकारनें २०१८ सालीं परवान्यांतून सूट दिलेली आहे. अट एवढीच कीं दोन अँटेनांच्या मधली दृष्टि मोकळी असावी. मार्चांत निष्पर्ण झाडाआडून उत्तम चाललेला दुवा आषाढांत, तेंच झाड ओल्या पानांनीं भरलें म्हणजे, ढेपाळतो. गच्चीवरील अँटेनेस विजेपासून संरक्षणही द्यावें लागतें. जेथें खणतां येतें तेथें मात्र कांचेच्या वाटेस तोड नाहीं.

इमारतींच्या आंतील व्यवस्था त्या मानानें सोपी आहे. प्रत्येक इमारतींत एका मध्यवर्ती जागीं एक स्विच बसवावा व तेथून प्रत्येक टेबलापर्यंत स्वतंत्र केबल न्यावी. एका लहान स्विचमधून दुसरा, दुसऱ्यांतून तिसरा, अशी माळ गुंफूं नये. ही पेटी जमिनीपासून छातीच्या उंचीवर, ओल व भट्टी यांपासून दूर आणि कुलुपांत असावी. दोन्हीकडे यूपीएस असावा. एकीकडेच असला तर दुसरीकडील वीज जातांच दुवा तुटतो व पहिला यूपीएस असून नसल्यासारखा होतो. दोन घोटाळे फार ठिकाणीं होतात. पहिला असा कीं मोकळें लोंबणारें केबलचें टोक कोणी तरी नीटनेटकेपणाच्या हौसेनें त्याच स्विचच्या दुसऱ्या खाचेंत खोंचतो; मग एकच संदेश वर्तुळांत फिरत राहून वाढत जातो व दोन्ही इमारतींतील काम ठप्प होतें. अशी वर्तुळें ओळखून तोडण्याची युक्ति रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीनें १९८५ सालीं शोधून काढली. ती ज्यांत अंतर्भूत आहे असेच स्विच घ्यावे व ती चालू ठेवावी. दुसरा घोटाळा म्हणजे वाड्यांत वायफाय पोहोंचत नाहीं म्हणून बाजारांतून आणलेला आणखी एक राऊटर. जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास पत्ता वाटून देणारा एकच असावा लागतो. दोन झाले कीं पत्त्यांचा गोंधळ होऊन आज हा प्रिंटर सांपडत नाहीं, उद्यां तो. वाड्यांत राऊटर नको. वायफाय पसरविणारें साधें उपकरण स्विचला जोडलें म्हणजे झालें.

एका जाळ्यांत असणें म्हणजे सर्वांनीं सर्वत्र वावरणें नव्हे. ओसरीवर आलेल्या पाहुण्यास आपण पाणी देतों, पण तिजोरीच्या खोलींत नेत नाहीं. त्याच न्यायानें दुकानांत येणाऱ्या गिऱ्हाइकांचें वायफाय, कॅमेरे व हिशेबाचे संगणक यांच्यांत आभासी भिंती घालतां येतात. कारागीर तींस व्ही-लॅन म्हणतात. केबल तीच राहते, पण एका दालनांतील यंत्रास दुसऱ्या दालनांतील यंत्र दिसत नाहीं. यासाठीं स्विच खरेदी करतांनाच ही सोय असलेला मागून घ्यावा.

आतां वहीच्या सुरक्षिततेविषयीं. जी.एस.टी.च्या कायद्याप्रमाणें हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जतन करावे लागतात. दोन इमारती असल्याचा येथें एक स्वाभाविक लाभ आहे: कचेरींतील हिशेबाची प्रत रोज रात्रीं आपोआप वाड्यांतील संगणकावर उतरावी, म्हणजे एकीकडे आग लागली अथवा चोरी झाली तरी वही शाबूत राहते. पण एवढ्यावर विसंबून राहूं नये. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांतील नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें तेव्हां, ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली-कोल्हापुराकडे महापूर आला तेव्हां, आणि २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूण बुडालें तेव्हां, पाण्यानें पुढची इमारत कोणती व मागची कोणती असा विचार केला नाहीं. म्हणून तिसरी प्रत गांवांतील दुसऱ्या भागांत, अथवा इंटरनेटवरून दूरच्या ठिकाणीं असावी. शिवाय यांपैकीं एक प्रत जाळ्यापासून सुटी असावी. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या दुष्ट कार्यक्रमानें सुमारें १५० देशांतील संगणकांतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असे कार्यक्रम जाळ्याच्या वाटेनेंच पसरतात, व जाळ्यास अखंड जोडलेली प्रतही त्यांच्या तावडींत सांपडूं शकते. एका बाह्य डिस्कवर दर शनिवारीं प्रत घेऊन ती कपाटांत ठेवणें हा यावरचा स्वस्त उपाय होय. आणि वर्षांतून दोनदां तरी त्या प्रतीवरून हिशेब उघडून पाहावा. उघडून न पाहिलेली प्रत आहे कीं नाहीं, हें संकटाच्या दिवशींच कळतें.

शेवटचा विषय सामानाचा नाहीं, पण आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पुष्कळ घरांत हें सारें एका मुलाच्या किंवा पुतण्याच्या डोक्यांत असतें. त्यानें हौसेनें जाळें उभारलेलें असतें, परवलीचे शब्द त्यालाच ठाऊक असतात, कोणती केबल कोठें जाते हेंही त्यालाच माहीत असतें. मग तो नोकरीसाठीं बंगळूरास किंवा परदेशीं जातो, आणि लहानसा बिघाड झाला तरी त्याची निजण्याची वेळ टाळून त्यास फोन करावा लागतो. त्या मुलाचा दोष यांत कांहींच नाहीं. त्याच्याकडून लिहून घेण्याची कोणास आठवण झाली नाहीं, एवढेंच. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक चिकटवावा. दोन्ही इमारतींचा नकाशा काढून त्यावर हे क्रमांक, पाइपाची वाट व तिची खोली लिहावी. एक प्रत पेटीच्या दारावर आंतून लावावी, एक घरच्या दस्तऐवजांत ठेवावी. परवलीचे शब्द बंद पाकिटांत घालून तें दागिन्यांच्या व खरेदीखतांच्या शेजारीं ठेवावें, आणि शब्द बदलला कीं पाकीटही बदलावें. घरांतील निदान दोघांस, व त्या दोघांत जी व्यक्ति दिवसभर जागेवर असते तिला, स्विच बंद करून पुनः चालू करणें, दुवा तुटला आहे कीं बाहेरचें इंटरनेट गेलें आहे हें दिव्यांवरून ओळखणें, एवढें शिकवून ठेवावें. हें काम एका रविवारच्या दुपारचें आहे.

असें जाळें उभें राहिलें म्हणजे सकाळीं कोठारांत उतरलेल्या कागदाची नोंद दुपारीं कचेरींत कोणास विचारावी लागत नाहीं. ती तेथें आधींच आलेली असते. दोन भावांनीं दोन इमारतींत बसून एकाच पानावर नजर ठेवावी, एवढ्यासाठींच हा कांचेचा दुवा घालावयाचा. खणण्यास दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस सोयीचे. तोंवर कागद व टेप यांचें काम उरकून घ्यावें. त्यास कांहीं खर्च येत नाहीं.